रंग मोजायचं यंत्र घेतलं, पुढे काय?

स्वस्तातले कलरीमीटर आल्यापासून तेच ते प्रश्न येतायत, म्हणून एकदाच उत्तरं देतोय.

फोनच्या कॅमेऱ्याने रंग मोजला तर चालेल का?
नाही. कॅमेरा व्हाइट बॅलन्स स्वतःच बदलत बसतो.

ओल्या ऑइल पेंटवर यंत्र टेकवू का?
लेन्स बरबटवून घ्यायची असेल तर टेकवा. नाहीतर कार्डावर जाड थर लावा, वर पातळ पारदर्शक फिल्म बुडबुडा न ठेवता बसवा आणि मोजा. फिल्मने आकडा थोडा सरकतो, म्हणून ज्याच्याशी रंग जुळवायचाय तो नमुनाही त्याच फिल्ममधून मोजायचा. आणि वाळल्यावर परत बघा, अंबर (मातकट तपकिरी रंग) वाळून मॅट झाला की फिका दिसतो.

सर, अ‍ॅपने निळा-पिवळा अर्धा-अर्धा घेतला की ग्रे येईल असं दाखवलं, माझ्या पॅलेटवर चक्क हिरवा आला! यंत्र बिघडलंय का?
यंत्र ठीक आहे, अ‍ॅप थापा मारतंय. स्क्रीनवरच्या निळ्या-पिवळ्याची सरासरी काढली की ग्रे येतो, पण ट्यूबमधलं पिगमेंट प्रकाश शोषतं आणि विखुरतं, तिथे सरासरी कामाची नाही. थॅलो ब्लू चिमूटभर पडला तरी ढीगभर पांढरा गिळतो, अल्ट्रामरीन तसा नाही, हे त्या अ‍ॅपला कुठून कळणार? खरी रेसिपी काढायची तर प्रत्येक ट्यूबचा स्पेक्ट्रम (कुठल्या रंगाचा प्रकाश किती परत येतो ते) मोजावा लागतो, मग पिगमेंट किती शोषतं, किती विखुरतं याचं १९३१ चं कुबेल्का-मुंकचं गणित. स्वस्त यंत्र फक्त एल (उजेड), ए (लाल की हिरवा), बी (पिवळा की निळा) असे ३ आकडे देतं, म्हणजे रंग कुठे आहे ते सांगतं, कशाचा बनलाय ते नाही. तेवढंच वापरा ना! समजा हवाय ६२, १४, २२ आणि तुमचा आला ६२, १४, ३०. म्हणजे उजेड बरोबर, पिवळेपणा जास्त. सुईच्या टोकाएवढा निळा घाला, परत मोजा, एल खाली गेला असेल तर पांढरा. फरक २ च्या आत आला की थांबा. आणि ट्यूबवर 'कॅडमियम यलो ह्यू' लिहिलं असेल तर त्यात बहुतेक कॅडमियम नसतंच, नाव मोठं करून विकतात. ट्यूबवरचा पिगमेंट कोड (आत कुठलं पिगमेंट आहे ते सांगणारा) बघा, दुकानदाराला विचारा, सांगता येत नसेल तर दुसरं दुकान.

आजोबांच्या जुन्या पोर्ट्रेटचा उडालेला रंग मोजून भरू का? एका मित्राने भरलाय, छान दिसतो म्हणे.
बल्बखाली छान दिसत असेल, उन्हात नेऊन बघितलंय का? पिगमेंट वेगळं असलं की एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्यात वेगळा दिसतो. शिवाय वरचं व्हार्निश पिवळं पडलेलं असतं, तुम्ही मोजताय ते तेच. हात लावू नका, चित्र-संवर्धकाला दाखवा, आणि रंग सुटायला लागला असेल तर या आठवड्यातच.

मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, यंत्राने जमेल?
बऱ्यापैकी, ए चा आकडा तेच सांगतो. पण हे पूर्वी कळत होतं आणि आता कळेनासं झालंय असं असेल तर यंत्र नंतर, आधी डोळ्यांचा डॉक्टर.