किनाऱ्याने फिरायच्या बोटीला एक इंजिन की दोन?

तुम्ही 38 फुटी, डिझेलवर चालणारी जुनी बोट बघताय आणि घरच्यांना घेऊन मुंबईहून गोव्यापर्यंत मुक्काम करत, सावकाश जायचं म्हणताय. मग एका इंजिनाचीच घ्या. 15-20 नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) पळायचं असतं तर दोन इंजिनं घ्या म्हणालो असतो, तिथे वादच नाही. पण जड, संथ चालीच्या बोटीची पाण्यातली लांबी 36 फूट धरली, तर साधारण 8 नॉटच्या पुढे तिला कितीही रेटा, डिझेल भसाभस जळतं आणि वेग जेमतेम वाढतो. त्या वेगाला एक इंजिन भरपूर झालं.

लोक दुसरं इंजिन मागतात ते भीतीपोटी, आणि ती भीती खरी आहे. आपल्याकडे दुपारनंतर वायव्येचा वारा उठतो, तो बोट किनाऱ्याकडेच ढकलतो. अशा वेळी इंजिन गेलं तर खडक फार लांब नसतात. पण इंजिन जातं कशाने? बहुतेकदा डिझेलमधल्या पाण्याने आणि गाळाने. खाडीत बोट उभी असते तोवर गाळ टाकीच्या तळाशी निवांत बसतो. बाहेर लाटा लागल्या की सगळं ढवळून वर येतं आणि फिल्टर चोंदतो. दोन्ही इंजिनं एकाच टाकीवर असतील तर पहिल्यामागोमाग दुसरंही बंद पडतं. दोन टाक्या आणि दोन स्वतंत्र फिल्टर नसतील, तर दुसऱ्या इंजिनाचा भरवसा धरू नका.

दुसरा शत्रू मासेमारीची जाळी. खाड्यांच्या तोंडाशी ती कुठे लावलीत हे अंधारात कळत नाही. दोर बोट ढकलणाऱ्या पंख्यात (प्रोपेलरमध्ये) सापडला की तो पंखा फिरवणाऱ्या दांड्याभोवती, म्हणजे शाफ्टभोवती गुंडाळत जातो, घासून वितळतो आणि त्याचं दगडासारखं कडं होतं. मग पाण्यात उतरून करवतीचं पातं चालवत बसायचं. एका इंजिनाच्या संथ बोटीत पंखा सहसा मधोमध, कीलच्या (बोटीच्या तळाच्या कण्याच्या) आड असतो. बोट वाळूवर टेकली तरी आधी कील टेकते. दोन इंजिनांचे पंखे बहुधा दोन्ही अंगांना उघडे लटकतात.

धक्क्याला लागताना मात्र दोन इंजिनं फार सोयीची. एक पुढे, एक मागे टाकलं की बोट जागच्या जागी वळते. एका इंजिनाच्या बोटीला बो थ्रस्टर, म्हणजे बोटीचं नाक आडवं ढकलणारा छोटा पंखा, बसवा, काम भागतं.

नॉर्डहॅवन या कंपनीच्या लांब पल्ल्याच्या बऱ्याच बोटींत एका मोठ्या इंजिनासोबत अडीअडचणीसाठी छोटं 'विंग' इंजिन असतं. त्याची टाकी, शाफ्ट, पंखा सगळं वेगळं. तुम्हाला एवढा खर्च नको. मागे एक आउटबोर्ड (बाहेरून अडकवायचं छोटं इंजिन) लावा, शांत पाण्यात ते बोट जवळच्या खाडीत आणेल. लाटांत त्याचा पंखा पाण्याबाहेर येतो, म्हणून खरा आधार नांगराचा. तो साखळीसकट पुढे तयार हवा, सामानाखाली दडपलेला नको.

बोट बघायला जाल तेव्हा टाकीच्या अगदी तळातलं डिझेल काचेच्या बरणीत काढायला लावा आणि ती तासभर ठेवा. खाली पाण्याचा थर किंवा काळी बुळबुळीत घाण दिसली तर टाकी उघडून साफ करण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा. दोन इंजिनांचीच आवडली, तर इंजिनरूममध्ये उतरून दोन्हींच्या बाहेरच्या बाजूला हात पोहोचतो का ते स्वतः बघा. पुष्कळ बोटींत इंजिन आणि बोटीची भिंत यांत वीतभरही जागा नसते, आणि त्या बाजूचा, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (आतलं रबरी चाक) वर्षानुवर्षं कुणी बदललेला नसतो.