वेढा ‘उचलला’, ‘उठवला’ की ‘उठला’?

भाषांतर करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: ‘कॅस्टिलचा राजा अकरावा अल्फान्सो याने १३५० मध्ये जिब्राल्टरचा वेढा उचलला’ हे वाक्य बरोबर आहे का, की ‘उठवला’ हवं? (कॅस्टिल म्हणजे स्पेनमधलं जुनं ख्रिस्ती राज्य; जिब्राल्टर हा स्पेनच्या दक्षिण टोकाचा किल्ला.)

‘उचलला’ आधी काढून टाका. मराठीत फौज किल्ल्याभोवती ठाण मांडून बसते, आणि बसलेलं ते उठतं. पंगत उठते, बाजार उठतो, छावणी उठते, तसाच वेढा उठतो. शब्द संस्कृत ‘वेष्ट्’वरून आलेला, म्हणजे गुंडाळणे; म्हणून दोरीलाही वेढे असतात. पण दोरीचे वेढे सुटतात. उठतो तो माणसांचा.

तरी ‘उठवला’ केल्यानेही हे वाक्य सुधारत नाही, आणि मला खरं सांगायचंय ते हेच. ‘उठवणे’ला ठरवणारा कोणीतरी लागतो. अल्फान्सोने जिब्राल्टरला दोनदा वेढा घातला. १३३३ च्या जूनमध्ये मोरोक्कोच्या मरिनी घराण्याच्या फौजेने कॅस्टिलकडून किल्ला घेतला आणि अल्फान्सो कुमक घेऊन पोचला तो उशिरा. मग त्यानेच बाहेरून वेढा दिला. पण रसद पुरेना, दक्षिण स्पेनमधल्या ग्रॅनडाचा सुलतान चौथा मुहम्मद आतल्यांच्या मदतीला आला, शेवटी ऑगस्टमध्ये तह झाला. इथे ‘अल्फान्सोने वेढा उठवला’ अगदी चपखल बसतं: निर्णय त्याचा, पायही त्याचेच मागे फिरले.

१३४९ मध्ये तो पुन्हा आला. या खेपेला छावणीत प्लेग शिरला. सरदार विनवत होते, महाराज, इथून निघा. तो हलला नाही. मार्च १३५० मध्ये त्याच छावणीत प्लेगनेच गेला. फौज राजाचं शव घेऊन परत फिरली, आणि किल्ल्यातल्या मुसलमानांनी त्या जाणाऱ्यांवर हात टाकला नाही. पुढे १४६२ पर्यंत जिब्राल्टर मुसलमानांकडेच राहिलं.

जो मरेपर्यंत उठला नाही, त्यालाच तुमच्या वाक्याने ‘उठवणारा’ केलंय. ‘वेढा मोडला’ हेही नको. त्यासाठी बाहेरच्या कुमकेने किंवा आतल्या शिबंदीने तो लढून फोडावा लागतो, आणि इथे तसं कोणी केलं नाही. ‘फसला’ चालेल, पण त्यात राजाचा मृत्यू दिसत नाही.

मी असं लिहीन: ‘१३५० मध्ये अल्फान्सो छावणीतच प्लेगने मेला आणि जिब्राल्टरचा वेढा उठला.’