चाळिसाव्याच्या जेवणाला दलील कोणती?

प्रश्न: सर, अब्बांच्या इंतकालाला (मृत्यूला) तीन आठवडे होत आले. जियारतीचं जेवण मोठ्या चुलत्यांनी केलं. आता चाळिसाव्याला अख्खा मोहल्ला आणि शेजारची दोन गावं जेवायला बोलवायची, असं ते म्हणतात. माझ्याकडे तेवढा पैसा नाही, तर अब्बांच्या पोस्टातल्या रकमेतून करू, असं त्यांचं म्हणणं. कुवेतचा माझा भाऊ फोनवर सांगतो की ही बिदअत (धर्मात नव्याने घुसवलेली गोष्ट) आहे, यात पडू नका. अम्मी इद्दतीत (विधवेने पाळायच्या मुदतीत) आहे, ती नुसती रडते. धाकटी बहीण पाचवीत आहे. चुलते रागाने म्हणाले, ‘एवढी बिदअत कळते तर मशिदीचा भोंगाही काढा आणि मोबाइलवर कुराण वाचणंही सोडा.’ आम्ही काय करावं?
– एक वाचक, खेड तालुका

उत्तर: अल्लाह तुमच्या अब्बांची मगफिरत (माफी) करो आणि अम्मींना सब्र देवो.

आधी चुलत्यांच्या सवालाकडे वळतो, कारण तो मनापासून विचारलेला आहे आणि बरेच लोक तिथेच अडतात. पैगंबरसाहेबांच्या (स.) पत्नी हजरत आयेशांची रिवायत (त्यांनी सांगितलेलं पैगंबरसाहेबांचं वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे: ‘आमच्या या कामात जो त्यात नसलेलं काही नवं काढील, ते रद्द आहे.’ ‘आमच्या या कामात’ म्हणजे दीनमध्ये (धर्मात). भोंगा दीनमध्ये काही घालत नाही. अजानचे शब्द तेच आहेत, फक्त आवाज लांब जातो. मोबाइलवरचं कुराणही तेच कुराण. उलेमांचा (धर्मपंडितांचा) कायदा असा, की रोजच्या व्यवहारातली गोष्ट मनाईची दलील (धर्मातला पुरावा) मिळेपर्यंत जायज असते. इबादतीत याच्या उलट. तिथे दलील मिळेपर्यंत आपण थांबायचं. मगरिबच्या (संध्याकाळच्या) नमाजाचे फर्ज (सक्तीचे) तीन रकात (फेरे) आहेत. चौथी पढणाऱ्याला ‘अरे, चौथीला मनाई कुठे आहे?’ असं म्हणता येत नाही. म्हणूनच दलील मागायची ती ‘हे केलंच पाहिजे’ म्हणणाऱ्याकडे. ‘आम्ही करत नाही’ म्हणणाऱ्याने पुरावा घेऊन फिरायची गरज नाही.

चुलते कदाचित दुसरे खलिफा हजरत उमरांच्या तरावीहचा (रमजानच्या रात्रीच्या नमाजाचा) दाखला काढतील. लोकांना हजरत उबय बिन काब यांच्या मागे एका जमातीत उभं केल्यावर उमर म्हणाले होते, ‘किती चांगली बिदअत ही.’ पण खुद्द पैगंबरसाहेबांनी (स.) रमजानच्या काही रात्री ही नमाज मशिदीत लोकांसोबत पढली होती, आणि ती उम्मतवर (मुस्लिम समाजावर) फर्ज होईल या भीतीने पुढे ते बाहेर आले नाहीत. त्यांच्या वफातीनंतर (निधनानंतर) फर्ज होण्याची भीती उरली नाही. उमरांनी चालू केलं त्याचं मूळ सुन्नतमध्येच (पैगंबरसाहेबांच्या रीतीतच) होतं.

आता जेवण. आपण कोकणातले लोक शाफई (इमाम शाफईंचा मजहब, म्हणजे धर्मकायद्याची परंपरा, मानणारे), तेव्हा आपल्या इमामांचंच म्हणणं पाहू. इमाम शाफईंनी ‘किताबुल उम्म’मध्ये लिहिलंय की मय्यतीनिमित्त लोकांनी जमून बसणं, त्यात रडारड नसली तरी, मला नापसंत आहे, त्याने दुःख पुन्हा ताजं होतं आणि खर्चाचा बोजा पडतो. इमामांची वफात हिजरी 204 मधली, आणि तरी हे तुमचंच पत्र वाचून लिहिल्यासारखं वाटतं. घाटावरच्या हनफी (इमाम अबू हनिफांना मानणाऱ्या) भावांसाठीही वेगळं काही नाही. ‘फतहुल कदीर’ लिहिणाऱ्या इब्न हुमाम यांनी मय्यतीच्या घरच्यांनी मेजवानी देण्याला वाईट बिदअत म्हटलंय, कारण मेजवानी खुशीच्या वेळी असते, गमीत नाही. हा वहाबी आणि सुन्नी असा झगडाही नाही. बरेलीचे मौलाना अहमद रजा खान ईसाले सवाबचे (मृताला पुण्य पोचवण्याचे) मोठे कैवारी, पण मय्यतीच्या घरी लोकांना दावत देण्याविरुद्ध त्यांचाही फतवा आहे.

सुन्नत नेमकी उलटी आहे. हिजरी 8 मध्ये मुताच्या लढाईत पैगंबरसाहेबांचे चुलतभाऊ हजरत जाफर शहीद झाल्याची खबर मदिन्यात आली, तेव्हा पैगंबरसाहेब (स.) म्हणाले, ‘जाफरच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर अशी वेळ आलीय की त्यांना दुसरं काही सुचणार नाही.’ आपल्या गावांत मय्यतीच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे येतात, ती हीच सुन्नत. ती अजून जिवंत आहे याचा मला फार आनंद वाटतो. जाफरच्या घरी जेवण गेलं होतं. आपण चाळिसाव्या दिवशी जाफरच्याच घरी जेवायला जातो.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय टोचलं असेल, तर पोस्टातली रक्कम. ती आता अब्बांची राहिली नाही आणि चुलत्यांची तर नाहीच नाही. कफन-दफनाचा खर्च, मग अब्बांचं कर्ज, मग वसीयत केली असेल तर जास्तीत जास्त एक तृतीयांशापर्यंत, आणि उरेल ते वारसांचं. दादा-दादी हयात नसतील तर अम्मींचा आठवा हिस्सा. बाकीचे पाच भाग करा: दोन तुमचे, दोन भावाचे, एक बहिणीचा. मुलगे असताना चुलत्यांना हिस्सा नाही. पाचवीतली मुलगी ‘माझ्या पैशांतून जेवण घाला’ असं म्हणाली तरी ती इजाजत चालत नाही, कारण ती नाबालिग आहे. सूरे निसाच्या दहाव्या आयतीत यतीमांचा (अनाथांचा) माल नाहक खाणाऱ्यांबद्दल म्हटलंय की ते आपल्या पोटात आगच भरतात. वाटणी न झालेल्या रकमेतून देग चढली, तर तुमच्या बहिणीचा घास गावाच्या ताटात जाईल. मग ती बिदअत की चांगला रिवाज, हा वाद घालायची गरजच उरत नाही. ते सरळ हराम आहे.

आमच्या जमातीची कर्जे-हसनाची (बिनव्याजी कर्जाची) पेटी मी सांभाळतो. शाळेच्या फीसाठी, कौलं बदलण्यासाठी अर्ज येतात. आणि मधूनच वहीच्या रेघी पानावर एखादा येतो, ‘वालिदसाहेबांच्या चाळिसाव्याकरिता रक्कम मिळावी’. खाली हिशेब: मटण, तांदूळ, मंडप, खुर्च्या, बावर्ची. एकदा अर्ज घेऊन आलेल्या मुलाला विचारलं, अब्बांचं काही देणं राहिलंय का? म्हणाला, वाण्याची उधारी आहे, ती नंतर बघू. मोमिनची रूह (आत्मा) कर्ज फिटेपर्यंत अडकलेली असते, अशी हदीस तिर्मिजीत आहे. बापाची रूह जिथे अडकलीय तिथे एक पैसा जात नाही आणि बिर्याणीसाठी नवं कर्ज निघतं, हे बघून मला रात्री झोप लागली नाही. आम्ही त्याला उधारी फेडायला पैसे दिले, जेवणाला दिले नाहीत. त्यावरून मोहल्ल्यात माझ्यावर बरीच नाराजी झाली. ती मला मंजूर आहे.

अब्बांसाठी काहीच करायचं नाही, असा याचा अर्थ काढू नका. हजरत साद बिन उबादा यांची आई ते घरी नसताना वारली. त्यांनी विचारलं, तिच्या वतीने सदका (दान) दिला तर तिला फायदा होईल का? उत्तर आलं, हो. त्यांनी आपली मिखराफ नावाची बाग देऊन टाकली. बुखारीत आहे. तुम्हीही आपल्या हिश्शातून, झेपेल तेवढं द्या. गावात उन्हाळ्यात पाण्याची ओरड असेल तर विहिरीचा गाळ काढून द्या, एखाद्या गरीब पोराची वर्षाची फी भरा. भुकेल्याला जेवण घालायलाही दिवस लागत नाही. ते एकोणचाळिसाव्या दिवशी घाला, नाहीतर आजच घाला. आणि दुआ करा, ती रोज करा. नेक औलादीची दुआ मुस्लिम शरीफच्या हदीसप्रमाणे बापाला पोचते.

कुराण पढून त्याचा सवाब (पुण्य) मृताला बख्शावा का, यावर मात्र इमामांत खरा मतभेद आहे. शाफई मजहबचं मशहूर मत तो पोचत नाही असं, हनफी आणि हंबलींचं पोचतो असं, आणि आपल्यातल्या नंतरच्या बऱ्याच उलेमांनीही जायज म्हटलंय. अम्मी घरात यासीन (कुराणातली एक सूरा) पढत असतील तर त्यांना ‘बिदअत’ म्हणून गप्प करू नका. हे भावालाही सांगा. दलील म्हणजे आपल्याला ठाऊक असलेली दलील, एवढंच नसतं. आपल्या मशिदींत फजरला (पहाटेच्या नमाजात) कुनूत (उभ्याने करायची दुआ) पढतात. बाहेरून आलेला एखादा पोरगा सलाम फिरवताच त्याला बिदअत म्हणतो. त्यामागे हजरत अनस यांची रिवायत आहे, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. हा शब्द फार जड आहे. आईच्या अंगावर तर तो टाकूच नका.

भावाने फोनवरून चुलत्यांशी वाद घालू नये. तुम्ही स्वतः गावी जा आणि मंडपवाल्याला सुपारी जाण्याआधी जा. चुलते भावाच्या प्रेमापोटीच बोलतायत, तेव्हा आधी त्यांचं सगळं ऐकून घ्या. मग बिदअतचा विषय न काढता दोनच गोष्टी सांगा: अब्बांचं कोणाकोणाचं देणं आहे ते आपण मिळून लिहून काढू, आणि छोटीचा हिस्सा तिच्या नावावर ठेवू. पेश इमामसाहेबांना बरोबर न्या. इमाम शाफईंचं म्हणणं त्यांच्या तोंडून आलेलं बरं. अम्मींची इद्दत चार महिने दहा दिवस आहे, चाळिसाव्याला ती संपत नाही. तोवर त्यांना त्याच घरात राहू द्या, आणि तुमच्यापैकी एकाने दर आठवड्याला तिथे जाऊन या.