‘डिव्हायनर्स सेज’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की भाषांतराला आलेल्या मजकुरात मेक्सिकोतल्या एका झाडाला ‘डिव्हायनर्स सेज’ म्हटलंय, मशीनने त्याचं ‘दैवी ऋषी’ करून ठेवलंय, तर ते चालेल का?

नाही चालणार. इंग्रजीत सेज हे दोन वेगळे शब्द आहेत, दिसतात फक्त एकसारखे. ज्ञानी माणूस या अर्थाचा सेज आला लॅटिन ‘सापेरे’वरून, म्हणजे चव घेणं, समज असणं. आणि झाडवाला सेज म्हणजे ‘साल्व्हिया’, जो फ्रेंचमध्ये झिजून झिजून इंग्रजीत पोचला, आणि त्याच्या मुळाशी ‘साल्वुस’ म्हणजे धडधाकट, कारण ही झाडं औषधी. आपल्याकडे कसं, भाकरीचं पीठ आलं ‘पिष्ट’वरून आणि विद्यापीठातलं पीठ म्हणजे आसन, आता कुणी विद्यापीठाचं भाषांतर विद्येची गिरणी केलं तर कसं वाटेल, तसंच हे ऋषी प्रकरण आहे.

साल्व्हिया आपल्या तुळशीच्याच कुळातली. सब्जा तुळशीच्या जातीचा आणि चिया साल्व्हियाच्या, म्हणून चियाला सरसकट सब्जा म्हणणारे तेवढे चुकतात, असो. हे झाड साल्व्हिया डिव्हिनोरम. ओआहाका राज्याच्या डोंगरातले मासातेक लोक ते लावतात, लावतात म्हणजे फांदी खोचून, कारण बी फार क्वचित धरतं. खोड चौकोनी, फूल पांढरं, त्याखालचा पुष्पकोश जांभळा. त्यांच्याकडे याचं नाव ‘स्का पास्तोरा’, स्का म्हणजे पान आणि पास्तोरा हा स्पॅनिश शब्द, म्हणजे मेंढपाळीण, आणि ही मेंढपाळीण म्हणजे मरियामाता. आता गंमत बघा, स्पॅनिश लोक यायच्या आधी मेक्सिकोत पाळीव मेंढ्याच नव्हत्या, म्हणजे निदान हे नाव तरी नंतरचं. याच कुळातल्या कोलियसला, हो, आपल्या बाल्कनीत कुंडीत असतो तो रंगीत पानांचा, ते लोक याचेच नातेवाईक मानतात, ही बाई, एक कोलियस बाप्या, आणि दुसरा त्यांचं पोर!

आता ‘डिव्हिनोरम’. १९६२ साली आळंब्यांचा अभ्यासक वॉसन आणि रसायनशास्त्रज्ञ हॉफमन (एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य बनवणारा तोच) यांनी तिथून नमुने आणले, एपलिंग आणि हातिवा या वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याच वर्षी हे नाव दिलं. ही लॅटिनमधली षष्ठी, अनेकवचन. पण हॉफमनचीच तक्रार होती की ‘पुजाऱ्यांची’ म्हणायचं तर ‘डिव्हिनातोरम’ हवं होतं, आहे त्या रूपाचा अर्थ त्याच्या मते ‘भुतांची’ असा काहीतरी होतो. पण एकदा छापलं की छापलं.

मग हे डिव्हायनर कोण? तिथे कुणी आजारी पडलं, काही हरवलं, चोरीला गेलं की जाणत्या माणसाकडे जायचं, रात्री अंधारात, आवाज न करता बसायचं, ताजी पानं जोडीजोडीने मोजून चघळायची किंवा पाण्यात चुरून ते पाणी प्यायचं, आणि मग तो सांगणार काय झालंय ते. याच कामाच्या, भास घडवणाऱ्या आळंब्यांचा सीझन नसेल तेव्हा विशेषकरून हे पान. डोकेदुखी, जुलाब असल्या साध्या तक्रारींवरही थोडी पानं देतात. हे वाचल्यावर मराठी माणसाच्या तोंडात एकच शब्द येतो, देवऋषी. म्हणजे मशीनने ऋषी आणला तो चुकीच्या शब्दावरून, पण बाजूच्याच शब्दाला तो बरोब्बर लागू पडत होता! देवऋषी म्हटलं की लिंबू आणि भोंदूगिरी डोळ्यासमोर येते हे खरंय, तेवढं खटकत असेल तर ‘जाणता’ घ्या, मासातेक लोकांच्या शब्दाचाही अर्थ तसाच आहे.

त्याच मजकुरात ‘सायकोअ‍ॅक्टिव्ह’ला ‘मादक’ केलंय, तेही बदला. मादक म्हटलं की दारू, धुंदी, मजा. यातलं द्रव्य साल्व्हिनोरिन ए, १९८२ मध्ये मेक्सिकोत ओर्तेगा आणि सहकाऱ्यांनी वेगळं केलं, त्याच्या रेणूत कार्बन २३, हायड्रोजन २८, ऑक्सिजन ८ आणि नायट्रोजन शून्य, त्यामुळे ‘अल्कलॉइड’ (म्हणजे नायट्रोजन असलेलं वनस्पतीतलं द्रव्य) लिहिलं तर ती चूकच, हे डायटर्पीन या वेगळ्या वर्गातलं आहे. एलएसडी आणि आळंब्या मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या रिसेप्टरवर (रसायन जिथे जाऊन चिकटतं त्या जागेवर) काम करतात, हे तिकडे जातच नाही. २००२ मध्ये कळलं की हे कॅपा ओपिऑइड नावाच्या दुसऱ्याच रिसेप्टरवर बसतं. नावात ओपिऑइड आहे म्हणून अफूसारखं सुख मिळेल असं समजू नका, अफू मुख्यतः म्यू नावाच्या ओपिऑइड रिसेप्टरवर चालते, कॅपावर उलट बऱ्याच जणांना घाबरल्यासारखं, स्वतःच्या शरीराबाहेर फेकल्यासारखं होतं, आणि मात्राही मायक्रोग्रॅममध्ये. हौस म्हणून करायची गोष्ट नाही. गिळलं तर पोटात बहुतेक वाया जातं, म्हणून चघळणं जास्त लागू पडतं.

तर मी ‘मनावर परिणाम करणारं’ असं साधं लिहीन, आणि झाडाचं नाव पहिल्यांदा ‘साल्व्हिया डिव्हिनोरम, म्हणजे देवऋषींची साल्व्हिया’ असं देऊन पुढे नुसतं ‘पास्तोरा’, कारण ज्यांचं झाड आहे ते तसंच म्हणतात.