चिन्ह अंगावर आहे की भिंतीवर?

अनेक आशीर्वाद.

धार्मिक चिन्हं आणि मानवी हक्क यांवरचा तुझा मसुदा वाचला. कष्ट घेतले आहेस, ते पानोपानी दिसतं. पण पहिल्याच पानावर हिजाब म्हणजे दडपशाही आणि क्रूस म्हणजे निव्वळ दागिना, असा निकाल तू स्वतःच लावून टाकला आहेस. ते परिच्छेद काढ. वापरणाऱ्याला न विचारता चिन्हाचा अर्थ ठरवायचा, या खोडीने या विषयात फार नुकसान केलंय, आणि ती भल्याभल्या न्यायाधीशांनाही सुटलेली नाही.

2001 सालचं स्वित्झर्लंडचं प्रकरण बघ. जिनिव्हात सरकारी प्राथमिक शाळेतली एक शिक्षिका डोक्याला स्कार्फ बांधून शिकवायची. कित्येक वर्षं पालकांपैकी कुणाची तक्रार नव्हती. तरी स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने स्कार्फ हे ‘प्रभावी बाह्य चिन्ह’ ठरवलं, लहान मुलांवर त्याचा परिणाम होऊ शकतो असं धरून चाललं आणि तिचा अर्ज फेटाळला. पुढे 2011 मध्ये लाउत्सी विरुद्ध इटली खटल्यात त्याच न्यायालयाच्या ग्रँड चेंबरने, म्हणजे सतरा न्यायाधीशांच्या मोठ्या पीठाने, सरकारी शाळेतला क्रूस 15 विरुद्ध 2 मतांनी राहू दिला. भिंतीवरचा क्रूस म्हणे मुळात निष्क्रिय चिन्ह! मला हे साफ उफराटं वाटतं. श्रद्धा माणसाला असते, सरकारला नसते. तटस्थ राहण्याचं बंधन सरकारवर आहे. मग भिंतीला मोकळीक आणि माणसावर बंदी कशी? शिक्षिका सरकारी नोकर होती, असा युक्तिवाद समोरून येईल आणि तो अगदीच पोकळ नाही. त्यावर तू एवढंच विचार: तिने वर्गात धर्मप्रचार केल्याचा पुरावा कुठे आहे?

असा पुरावा मागणं सरकारला किती जड पडतं, ते 2012 च्या एका निर्णयात दिसेल. फ्रान्सने 2004 मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी घातली. एक शीख विद्यार्थी मोठ्या पगडीऐवजी गडद रंगाची केस्की, म्हणजे छोटी पगडी, बांधून आला. तरीही त्याला वर्गाबाहेर ठेवलं आणि शेवटी शाळेतून काढून टाकलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने पाहिलं ते इतकंच, की या मुलाच्या वागण्याने इतरांच्या हक्कांना किंवा शाळेच्या शिस्तीला प्रत्यक्ष कोणता धोका होता. सरकारला तो दाखवता आला नाही. विशिष्ट गटातला म्हणून त्याला शिक्षा झाली होती. हक्कभंग सिद्ध झाला. याच कायद्याविरुद्ध शीख विद्यार्थ्यांनी केलेले अर्ज स्ट्रासबर्गने 2009 मध्ये दारातूनच परत पाठवले होते. फ्रान्सच्या चेहरा झाकण्यावरच्या बंदीचंही तसंच झालं. 2014 मध्ये स्ट्रासबर्गने ‘एकत्र राहणं’ या कारणाखाली ती मान्य केली, 2018 मध्ये समितीने अमान्य केली. तेव्हा ‘आंतरराष्ट्रीय कायदा असं म्हणतो’ हे तुझं लाडकं वाक्य जपून वापर. कोणती संस्था, कोणतं कलम, कोणतं साल, ते प्रत्येक वेळी लिही.

संयुक्त राष्ट्रांच्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारातलं धर्मस्वातंत्र्याचं कलम 18 मुळातून वाच. मनात काय मानावं यावर कसलीच मर्यादा नाही. आणीबाणीतही हे कलम स्थगित करता येत नाही. मर्यादा आहेत त्या आचरणावर, आणि त्यांची कारणं मोजून दिलेली आहेत. त्यांत राष्ट्रीय सुरक्षा हा शब्द नाही. सरकारी वकील तो हमखास घुसडतात.

मात्र धोका खरा असेल तर मान्य कर. 2013 मध्ये कामावर क्रूस घालू पाहणाऱ्या ब्रिटनमधल्या दोन ख्रिस्ती महिलांचा निकाल स्ट्रासबर्गमध्ये एकाच दिवशी लागला. विमान कंपनीत काम करणारी जिंकली. परिचारिका हरली, कारण गळ्यातली साखळी रुग्ण ओढू शकतो, लोंबता क्रूस उघड्या जखमेला लागू शकतो. रुग्णालयाने तिला क्रूस ब्रोचसारखा लावायचा पर्याय दिला होता. तिच्याबद्दल मला वाईट वाटतं, पण निकाल बरोबर आहे.

आणि बायकांवर डोकं झाकण्याची सक्ती करणाऱ्या इराणला मसुद्यात जागा दे. कलम 18 चा दुसरा परिच्छेद सक्तीविरुद्ध आहे. डोकं झाकायला लावणारं सरकार आणि उघडं करायला लावणारं सरकार, दोघांना तो लागू आहे. शिक्षेच्या क्रौर्यात जमीनअस्मानाचा फरक आहे, तो लपवू नकोस. पण बाईला न विचारण्याची सवय दोघांचीही आहे.

दुरुस्तीला बसण्याआधी विद्यापीठातल्या स्कार्फबंदीवरच्या, 2005 च्या लेयला शाहिन विरुद्ध तुर्कस्तान या स्ट्रासबर्गच्याच खटल्यातलं न्यायमूर्ती फ्रान्स्वाज टुल्केन्स यांचं भिन्नमत वाच. सतरा न्यायाधीशांत त्या एकट्या विरोधात होत्या. स्कार्फ घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या, दोन्ही बायकांचं मत या चर्चेत कुठेच नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे. मग पहिलं पान नव्याने लिही आणि तेवढंच आधी पाठव.