मुलीला कोच व्हायचंय. त्यासाठी कोथरूडचा फ्लॅट विकावा का?

एडिसनच्या एका ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात सांगतो. मुलगी २४ वर्षांची, अमेरिकन नागरिक. डिव्हिजन थ्री कॉलेजात (कॉलेज खेळांच्या तीन स्तरांतला तिसरा; सगळ्यात वरचा डिव्हिजन वन) चार वर्षं बास्केटबॉल खेळली, सध्या विमा कंपनीत ॲनालिस्ट आहे, पगार ७८,००० डॉलर. ओहायोतल्या एका लहान डिव्हिजन वन विद्यापीठाच्या महिला संघाने तिला ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे मास्टर्स करता करता कोचच्या हाताखाली काम करणारी, म्हणून बोलावलंय. मुदत दोन वर्षं, मास्टर्सची फी माफ, वर्षाला १४,००० डॉलर स्टायपेंड. तिची बचत १६,०००, ४०१(के) या निवृत्तीखात्यात २१,०००, फेडरल शैक्षणिक कर्ज २४,०००. आईवडिलांनी तिच्यासाठी ६०,००० बाजूला ठेवलेत (‘लग्नासाठी’ असं पत्रात कंसात आहे). बाबांचं म्हणणं असं की कोथरूडचा फ्लॅट विकून तिकडे कॉलेजजवळ छोटं घर घ्यावं, भाडं तरी वाचेल. ‘हे धाडस आहे की वेडेपणा, तुम्हीच सांगा,’ असं ताई विचारतात.

ताई, वेडेपणा फक्त घर घेण्यात आहे, नोकरी सोडण्यात नाही. पण ते ६०,००० तुम्ही चुकीच्या वेळी खर्च करायला निघालात, असं मला वाटतं.

आधी पहिल्या दोन वर्षांचा हिशोब करू. कॉलेजच्या गावात मैत्रिणीबरोबर राहिली तर भाडं ६५०, जेवणखाण ३५०, गाडीचा विमा आणि पेट्रोल ३००, फोन आणि किरकोळ २००. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. स्टायपेंड वजा जाता ४,००० ची तूट. आरोग्यविमा तुमच्याच पॉलिसीत, २६ पूर्ण होईपर्यंत. कर्जाचे हप्ते ती शिकत असेपर्यंत थांबतील, मात्र अनसबसिडाइज्ड भागावर (ज्याचं व्याज सरकार भरत नाही) व्याज चढत राहील.

इथे एक खड्डा आहे, तो बहुतेकांना पहिल्या पेस्लिपवर कळतो. फी माफी करमुक्त असते असं सगळे धरून चालतात. ती सवलत शिकवणाऱ्या किंवा संशोधन करणाऱ्या असिस्टंटना आहे. बॉल पकडून देणं आणि व्हिडिओ कापणं हे करखात्याच्या लेखी शिकवणं नव्हे. त्यामुळे फी माफी कामाच्या मोबदल्यात असेल, तर वर्षाला ५,२५० डॉलरच्या वरचा भाग करपात्र ठरू शकतो. फी १६,००० धरली तर १०,७५० उत्पन्नात धरले जातील. २०२६ ची १६,१०० ची स्टँडर्ड वजावट काढली तरी फेडरल कर ८६५ च्या आसपास येतो. ओहायोतली बहुतेक शहरं आपला वेगळा इन्कम टॅक्स घेतात, तोही धरा. विद्यापीठाच्या पेरोल ऑफिसकडून याचं लेखी उत्तर मागवा. कोच ‘काही नाही हो’ म्हणाल्या तरी मागवा.

सगळं धरून वर्षाला साडेपाच हजारांची तूट, दोन वर्षांत अकरा हजार. ते तिच्या स्वतःच्या १६,००० मधून निघतात. म्हणजे सुरुवातीला तुमचा एक डॉलरही लागत नाही.

या धंद्यात सुरुवातीचे हाल सगळ्यांना दिसतात, म्हणून आईबाप तिथेच पैसे ओततात. चोविसाव्या वर्षी दोघींत एक खोली आणि रात्री नूडल्स, हे स्वस्तात निभावतं. महाग पडतात ती मधली वर्षं, साधारण २८ ते ३८.

शिडी अशी आहे. ग्रॅज्युएट असिस्टंटनंतर व्हिडिओ किंवा ऑपरेशन्सचं काम, मग सहाय्यक कोच, मग असोसिएट हेड कोच, आणि नशीब असेल तर हेड कोच. प्रत्येक पायरीला गाव बदलतं. करार बहुधा एकेका वर्षाचे, आणि तुमचं नशीब दुसऱ्याच्या गुणफलकाला बांधलेलं. मार्चमध्ये हेड कोचला काढलं की नवीन कोच आपली माणसं घेऊन येते आणि जुना स्टाफ जातो. सहाय्यकाने काही चूक केलेली असो वा नसो. मग एप्रिलमध्ये ही मंडळी फायनल फोरच्या, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य आणि अंतिम सामन्यांच्या गावी, कोचेसच्या अधिवेशनात, हॉटेलच्या लॉबीत ओळखीचे चेहरे शोधत फिरतात.

आता कल्पना करा. मुलगी एकतीस वर्षांची, पगार ३० जूनला थांबणार, अपार्टमेंटचा करार ऑगस्टपर्यंत, नवी नोकरी दोन राज्यं ओलांडून. मधल्या काळात आरोग्यविमा कोब्रावर, म्हणजे जुन्या नोकरीचाच विमा, पण पूर्ण हप्ता खिशातून. निवृत्तीखात्यात मालकाने टाकलेले पैसे काही ठिकाणी ठराविक वर्षं थांबल्याशिवाय आपले होत नाहीत. दोन वर्षांत हलणाऱ्याचे ते मागेच राहतात. ओहायोतल्या सरकारी विद्यापीठांचे कर्मचारी सोशल सिक्युरिटीत नसतात, राज्याची वेगळी व्यवस्था असते. चार राज्यांत नोकऱ्या केल्या तर चार ठिकाणी अर्धवट खाती.

तुमचे ६०,००० तेव्हासाठी आहेत. आपल्याकडे याला गंगाजळी म्हणतात. ती तुमच्याच नावावर ठेवा, ट्रेझरी बिल्समध्ये किंवा बऱ्या व्याजाच्या बचतखात्यात. तिला सांगा की आहे, पण देऊन टाकू नका. लागेल त्या वर्षी तुम्ही दोघं मिळून ३८,००० पर्यंत गिफ्ट टॅक्सचा फॉर्मही न भरता देऊ शकता.

आता फ्लॅट. जिथून दोन वर्षांनी निघायचंच आहे तिथे घर घेऊ नये. विकताना एजंटाचं कमिशन आणि बाकीचा खर्च वाचलेलं भाडं खाऊन टाकतो. शिवाय कोथरूडचा व्यवहार सोपा नाही. अनिवासी म्हणून भारतात दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर, वर अधिभार आणि सेस, आणि इंडेक्सेशन (महागाईनुसार खरेदीकिंमत वाढवून धरणं) नाही. आधी कमी कपातीचा दाखला काढला नाही तर खरेदीदार टीडीएस नफ्यावर नव्हे, अख्ख्या किमतीवर कापतो, आणि तो परतावा मिळवताना वर्ष जातं. पैसे एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातलं रुपयांचं खातं) आले की अमेरिकेत एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, आणि इथला करही आलाच. भारतात भरलेल्याचं क्रेडिट मिळतं, डोकेदुखीचं मिळत नाही. फ्लॅट कधी विकूच नका, असं मी म्हणत नाही. तुमच्या दोघांच्या निवृत्तीचा विचार करताना विका. मुलीच्या भाड्यासाठी नको.

बाबांच्या मनात बास्केटबॉल कोच ब्रॅड स्टीव्हन्स असणार. मुलीने नक्की ऐकवला असेल. सन २००० मध्ये त्याने इंडियानापोलिसमधली एलाय लिली या औषध कंपनीतली चांगली नोकरी सोडली आणि बटलर विद्यापीठात बिनपगारी काम धरलं. २००७ मध्ये हेड कोच झाला, आणि २०१० व २०११ अशी लागोपाठ दोन वर्षं संघाला राष्ट्रीय अंतिम सामन्यात नेलं. गोष्ट खरी आहे. पण माझ्या टेबलावर मी ख्रिस डेली यांचं उदाहरण ठेवतो. १९८५ मध्ये त्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या महिला संघात हेड कोच जीनो ऑरियेमांच्या सोबत, त्यांच्या सहाय्यक म्हणून आल्या आणि चाळीस वर्षं तिथेच राहिल्या, बारा राष्ट्रीय विजेतेपदांत भागीदार. हेड कोचची खुर्ची त्यांच्याकडे आली नाही, तरी हे करिअर अपयशी म्हणायची हिंमत कोण करेल? तुमच्या लेकीला यातलं कुठलं आयुष्य चालेल, हे तिला विचारा. ‘हेड कोच व्हायचंय, नाहीतर काहीच नाही’ असं उत्तर आलं तर माझी काळजी वाढेल.

वारं कुठून वाहतंय तेही बघा. २०२३ च्या जुलैपासून डिव्हिजन वन बास्केटबॉलमध्ये प्रत्येक संघाला कोचिंग करणारे दोन जास्त सहाय्यक ठेवायची मुभा मिळाली. त्या नियमात त्यांना बाहेर जाऊन रिक्रूटिंग (नवे खेळाडू मिळवणं) करायची परवानगी नव्हती, पण खालच्या माणसांसाठी दारं वाढली. २०२५ पासून महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जिंकलेल्या सामन्यांचे पैसे कॉन्फरन्सला, म्हणजे विद्यापीठांच्या गटाला, मिळू लागलेत, पूर्वी ते फक्त पुरुषांना होते. उलट बाजूला, खेळाडूंच्या मोबदल्यावरून झालेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीनंतर विद्यापीठं २०२५-२६ मध्ये खेळाडूंना जवळपास २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट वाटू शकतात. लहान विद्यापीठ एवढं देणार नाही, पण जे देईल ते कुठूनतरी काढेलच, आणि स्टाफचे पगार हाताशी असतात. तसंही सहाय्यकांवर आधी वरवंटा फिरवायची या खेळाची जुनी सवय आहे: १९९२ पासून काही वर्षं एनसीएएने, म्हणजे कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संस्थेने, एका प्रकारच्या सहाय्यकांची कमाई वर्षाला १६,००० डॉलरवर बांधून टाकली होती. १९९८ मध्ये अपील कोर्टानेही तो नियम बेकायदा ठरवला आणि पुढे ५ कोटी ४५ लाखांना तडजोड झाली.

मुलीसाठी चार गोष्टी. मास्टर्स स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये करू नकोस, संख्याशास्त्रात किंवा डेटामध्ये कर. फी तेवढीच माफ आहे, आणि संघालाही आकडे वाचणारी व्यक्ती हवी असते. ४०१(के)ला हात लावू नकोस, दंड बसेल. राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी कंपनीचा मॅच (४०१(के)मध्ये कंपनीने घातलेली भर) कधी पूर्ण तुझा होतो ते बघ; कधीकधी तीन आठवडे थांबण्याचे तीन हजार मिळतात. तिशीपर्यंत पूर्णवेळ सहाय्यक झाली नाहीस, तर आईबाबांबरोबर बसून पुन्हा हिशोब कर. तोवर गणपतीत ‘मुलगी सध्या काय करते?’ या प्रश्नाला तुम्ही दोघांनी एकच उत्तर ठरवून ठेवा, ताई.

आणि ऑफर स्वीकारण्याआधी तिने हेड कोचना एकच प्रश्न विचारायचाय: ‘तुमच्या करारात किती वर्षं उरली आहेत?’ सरकारी विद्यापीठ असेल तर तो करार मागवून वाचताही येतो. एकच वर्ष उरलं असेल आणि गेले दोन हंगाम संघ हरत असेल, तर दोन वर्षांच्या फी माफीतलं दुसरं वर्ष कोणाच्या शब्दावर आहे, ते लेखी घ्या.

फ्लॅटच्या भाडेकरूचा करार कधी संपतो, ते मात्र तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. ते कळवा, म्हणजे भाड्यावरच्या टीडीएसचंही बघून घेऊ.