बालरॉग आणि टी. जे. कॉम्बो यांची लढत ॲनिमेशनमध्ये लावली तर कोण जिंकेल?

तुमचा प्रश्न असा आहे की, ‘स्ट्रीट फायटर’मधला बालरॉग आणि ‘किलर इन्स्टिंक्ट’मधला टी. जे. कॉम्बो या दोन बॉक्सरांची लढत एखाद्या छोट्या ॲनिमेशनपटात दाखवायची झाली, तर जिंकायला कोण हवा, आणि त्याचे जिंकणे प्रेक्षकाला पटावे म्हणून काय करावे. मी बडोद्यात द्विमितीय ॲनिमेशनचे काम करतो. पहिला खेळ मी लहानपणी रावपुऱ्यातल्या एका व्हिडिओ गेम पार्लरमध्ये दादाच्या शेजारी उभा राहून शिकलो आणि दुसरा फार उशिरा, संगणकावर. दोन्ही भरपूर खेळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ही लढत टी. जे. कॉम्बोने जिंकावी. मात्र त्याचा ठोसा अधिक जड आहे, हे त्याचे कारण मी मानत नाही. ताकदीचा विचार केला तर बालरॉगच सरस ठरेल.

बालरॉग १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये आला, तेव्हा तो खेळाडूला निवडता न येणारा, शेवटच्या चार प्रतिस्पर्ध्यांपैकी एक होता. जपानमध्ये त्याचे नाव एम. बायसन होते आणि त्याचा चेहरामोहरा माइक टायसनवर बेतलेला होता. परदेशात कायदेशीर अडचण येऊ नये म्हणून कॅपकॉम कंपनीने तीन पात्रांच्या नावांची अदलाबदल केली आणि या बॉक्सरच्या वाट्याला बालरॉग हे नाव आले. त्याच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही की तो लाथ मारतच नाही; लाथेची तिन्ही बटणे दाबली तरी ठोसाच बसतो. त्याच्या धावत मारायच्या ठोशासाठी जॉयस्टिक साधारण एक सेकंद मागे दाबून धरावी लागते आणि मग पुढे ढकलून बटण दाबावे लागते. ‘टर्न पंच’साठी तर तीन बटणे एकत्र दाबून ठेवायची असतात, जितका वेळ ती दाबलेली राहतील तितका तो ठोसा जबर होतो, आणि सोडल्यावर बालरॉग आधी प्रतिस्पर्ध्याकडे पाठ फिरवतो, मग गर्रकन वळून झेपावतो. म्हणजे या माणसाचे सगळे बळ साठवण्यात आहे, आणि साठवायला त्याला वेळ व मोकळी जागा लागते.

टी. जे. कॉम्बोची घडण याच्या उलट आहे. रेअर कंपनीच्या १९९४ च्या ‘किलर इन्स्टिंक्ट’मध्ये तो पाच वर्षे हेवीवेट विजेता राहिलेला बॉक्सर म्हणून येतो, त्याच्या दोन्ही हातांत यांत्रिक रोपणे असल्याचे उघडकीस येते आणि त्याचे पद काढून घेतले जाते. २०१३ मध्ये हा खेळ नव्याने आला आणि पुढच्याच वर्षी त्यात टी. जे. आला, तेव्हा त्याने ती रोपणे स्वतःच उपटून टाकलेली होती. या खेळाचा पाया ठोशांची अखंड साखळी हाच आहे: सुरुवातीचा घाव, त्यानंतर आपोआप बसणारे जोडठोसे, त्यांना पुढे जोडणारी चाल आणि शेवटचा घाव. मार खाणाऱ्याला ही साखळी तोडता येते, पण त्यासाठी येणारा ठोसा हलका आहे, मध्यम की भारी, हे अचूक ओळखावे लागते. अंदाज चुकला तर काही काळ पुन्हा प्रयत्नच करता येत नाही. नव्या खेळात टी. जे.ला आणखी एक गुण दिला आहे, ‘लास्ट ब्रेथ’: जो घाव त्याला संपवायला हवा, त्यानंतरही तो किंचित जीव शिल्लक ठेवून उभा राहतो.

या हातांतल्या रोपणांपाशी मी थोडा थांबतो, कारण मुठीत काय आहे हा प्रश्न बडोद्याला नवा नाही. खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत (१८५६ ते १८७०) इथल्या दरबारात ‘नकी का कुस्ती’ होत असे, ज्यात मल्ल हाताला शिंगाची नखे बांधून एकमेकांना रक्तबंबाळ करीत. लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने तिचे अंगावर काटा आणणारे वर्णन करून ठेवले आहे. तिथे शस्त्र उघड होते आणि समोरच्याच्याही हातात तसेच होते. टी. जे.चा दोष शस्त्र बाळगण्याचा नव्हता, ते लपवण्याचा होता, आणि म्हणून लढतीसाठी २०१३ नंतरचा, रोपणे काढलेला टी. जे. घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. १९९४ मधला टी. जे. जिंकला तर प्रेक्षक यंत्राला श्रेय देईल आणि पुढचा सगळा वाद त्यावरच होईल. नियमांचे म्हणाल तर दोघेही धुतल्या तांदळासारखे नाहीत: बालरॉग डोक्याने धडक मारतो, टी. जे. झेप घेऊन गुडघा मारतो, आणि बॉक्सिंगच्या रिंगणात या दोन्ही गोष्टी निषिद्ध आहेत. त्यामुळे पंच ठेवू नये आणि घंटाही ठेवू नये.

आता चित्रांकडे येतो. हे खेळ सेकंदाला साठ फ्रेमच्या गतीने चालतात आणि ठोसा बसताच दोन्ही आकृती काही फ्रेम जागच्या जागी गोठतात. त्या गोठण्यामुळेच आपल्याला घावाचे वजन जाणवते. ॲनिमेशनपटात सेकंदाला चोवीस फ्रेम असतात आणि एक चित्र दोन फ्रेम ठेवले तर आपल्या हाती फक्त बारा चित्रे उरतात. खेळातली चाल जशीच्या तशी उतरवली तर ठोसे पिसासारखे हलके दिसतात, आणि मी पाहिलेल्या अनेक हौशी लढती नेमक्या इथेच फसल्या आहेत. बालरॉगच्या ठोशाआधीची तयारी लांब ठेवावी: मागच्या पायावर गेलेला भार, खाली आलेला खांदा, सैल पडलेली हनुवटी. प्रत्यक्ष ठोसा मात्र एका लांबट, फरफटलेल्या चित्रात संपवावा आणि आदळल्यावर तीन-चार फ्रेम काहीही हलवू नये. टी. जे.च्या साखळीत असे थांबे अगदी छोटे ठेवावेत; ठोशांची लय हलगीसारखी सलग ऐकू यायला हवी. मी तर आधी ध्वनी बसवून मग चित्रे काढली असती.

दोघांचे रूपही जुळवून घ्यावे लागेल. १९९१ चा बालरॉग हाताने काढलेल्या चित्रांचा आहे, तर १९९४ चा टी. जे. संगणकावर त्रिमितीत घडवून नंतर सपाट केलेला आहे. मूळ चित्रे शेजारी ठेवली तर दोघे दोन वेगळ्या उजेडांत उभे असल्यासारखे दिसतात. दोघांनाही एकाच हाताने नव्याने काढणे एवढाच मार्ग मला दिसतो.

लढतीचा क्रम मी असा लावेन. सुरुवातीला अंतर मोठे असते, म्हणून बालरॉग वरचढ ठरतो आणि टी. जे.ला दोनदा खाली पाडतो. हे मन लावून, वेळ देऊन दाखवावे, कारण बालरॉगचा धाक नीट बसला नाही तर पुढचे काहीच चालणार नाही. मग टी. जे.च्या लक्षात येते की प्रत्येक मोठ्या ठोशाआधी हा माणूस मागे सरकतो. तो त्याला मागे सरकूच देत नाही, छातीला छाती लावून राहतो. अडकलेला बालरॉग डोक्याने धडक देऊन जागा मिळवतो आणि टर्न पंच साठवू लागतो, या वेळी सर्वांत जास्त वेळ. तो ठोसा टी. जे.ला पूर्ण बसायला हवा, चुकता कामा नये. टी. जे. कोसळतो, एक गुडघा जमिनीला टेकतो, पण दुसरा टेकत नाही. बालरॉग संपवण्यासाठी पुन्हा तीच चाल उचलतो, पाठ फिरवतो, आणि ती पाठ फिरलेली असतानाच टी. जे. अंतर कापून आत आलेला असतो. बालरॉग वळतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचे एकच चित्र पूर्ण एक सेकंद स्थिर धरावे, आणि त्यानंतर साखळी सुरू करावी.